दुसऱ्या संघातला मुलगा

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर, न्यू जर्सीपासून न्यू हॅम्पशायरपर्यंतच्या पट्ट्यात, जी मराठी कुटुंबे गेल्या दोन पिढ्यांत स्थिरावली, त्यांच्या घरी मुलगा सातवी-आठवीत गेला म्हणजे एक नवीच मसलत सुरू होते. गावातली सरकारी शाळा वाईट असते असे नव्हे. उलट प्लेन्सबरो किंवा लेक्सिंग्टन अशा गावी घर घेताना जी अवाच्या सवा किंमत मोजली, ती बहुतांशी त्या शाळेपायीच मोजलेली असते. परंतु मुलगा गणितात चमकतो आहे, शिवाय सॉकरमध्येही (ज्याला आपण वहिवाटीने फुटबॉल म्हणतो आणि मीही पुढे तेच म्हणणार आहे) क्लबाच्या वरच्या संघात खेळतो आहे, असे दिसू लागले की 'प्रेप स्कूल' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खाजगी, बव्हंशी निवासी शाळांची माहितीपत्रके घरात येऊन पडतात. आणि मग आईबाप कागदावर जमाखर्चाप्रमाणे दोन रकाने आखून, एकात अभ्यास आणि दुसऱ्यात फुटबॉल, अशी प्रत्येक शाळेची बेरीज मांडू लागतात. कोणत्या शाळेतून किती मुले हार्वर्ड-येलला गेली, कोणत्या शाळेचा संघ नोव्हेंबरातल्या न्यू इंग्लंडच्या अजिंक्यपद स्पर्धेत कुठवर पोहोचला, हे तपशील विनासायास हाती लागतात, आणि जे विनासायास हाती लागते तेच महत्त्वाचे, असा समज करून घेणे हा मनुष्यस्वभावच आहे.

या हिशेबात एक गोष्ट निमूटपणे गृहीत धरलेली असते. शाळेतले उत्तम विद्यार्थी आणि उत्तम अकरा खेळाडू तेवढे मोजायचे, आणि आपला मुलगा त्या दोन्ही पंगतींत बसणार असे समजायचे. माझे मत असे की, शाळा तिच्या पहिल्या संघावरून पारखू नये. त्या शाळेत दुसऱ्या संघात राहिलेल्या, किंवा गुडघा दुखावून सबंध हंगाम बाकावर काढणाऱ्या मुलाच्या वाट्याला काय येते, यावरून ती पारखावी. हे मत प्रथमदर्शनी विरक्ताचे वाटेल. परंतु स्पर्धात्मक खेळाविषयी माझ्या मनात मुळीच आकस नाही, आणि हे मत मी ज्या कारणांनी धरतो ती बरीचशी व्यवहाराचीच आहेत.

या शाळा मुळात खेळासाठी निघालेल्या नाहीत. अँडोव्हरची फिलिप्स अकादमी 1778 ची, एक्झिटरची 1781 ची, डिअरफील्ड 1797 ची. अमेरिकेचे प्रजासत्ताक नुकते कुठे पायावर उभे राहत असताना लॅटिन, ग्रीक आणि धर्मशिक्षण यांच्या आधारे मुलांना महाविद्यालयायोग्य करणे एवढाच त्यांचा हेतू. फुटबॉल शाळांच्या आवारात शिरला तो प्रथम मुलांच्याच हौसेने. 1862 साली बॉस्टनमधल्या शाळांतील मुलांनी ओनायडा नावाचा क्लब काढून तिथल्या सार्वजनिक हिरवळीवर चेंडू लाथाडायला सुरुवात केली, तेव्हा त्यांना कोणा मुख्याध्यापकाने शीलसंवर्धनाचा हुकूम सोडला नव्हता. शीलाचा सिद्धान्त मागाहून आला आणि तो इंग्लंडातून आला. त्याचे श्रेय रग्बी शाळेच्या टॉमस आर्नोल्डला देण्याचा प्रघात आहे; वस्तुतः 1828 साली सुरू झालेल्या आपल्या कारकिर्दीत आर्नोल्डचे लक्ष मैदानापेक्षा प्रार्थनामंदिराकडेच अधिक होते, आणि खेळाने चारित्र्य घडते हे मत त्याच्या नावावर चढवले ते त्याच्या शिष्यांनी, विशेषतः टॉमस ह्यूजने आपल्या 1857 च्या शालेय कादंबरीतून. पुढे 1884 साली एंडिकॉट पीबडीने काढलेल्या ग्रोटन शाळेसारख्या संस्थांतून ते अमेरिकेत रुजले, आणि आज असे एकही माहितीपत्रक सापडायचे नाही ज्यात चिखलाने माखलेल्या, हसऱ्या मुलांच्या छायाचित्राखाली नेतृत्व, चिकाटी आणि संघभावना ही त्रयी छापलेली नाही.

मला हा सिद्धान्त कधी पटला नाही. मैदानावर धैर्य दिसते तसे कपटही दिसते. पंचाची पाठ वळताच प्रतिस्पर्ध्याचा सदरा ओढणे हेदेखील तिथेच शिकता येते, आणि जो मुलगा स्वभावतः उदार आहे तो बुद्धिबळाच्या पटावरही उदारच राहतो. तथापि या शाळांच्या क्रीडापरंपरेत एक भाग असा आहे की, सिद्धान्त खोटा ठरला तरी त्याचे मोल कमी होत नाही. तो म्हणजे दुपारच्या वेळी सगळ्यांनी मैदानावर जायचे, हा रिवाज. फ्रँक बॉइडन 1902 साली डिअरफील्डला मुख्याध्यापक म्हणून आला तेव्हा शाळेत मुले इतकी थोडी होती की संघ पुरा करण्यासाठी त्याला स्वतः खेळावे लागे, आणि जो मुलगा चालू-पळू शकत होता त्याला घेण्यावाचून गत्यंतर नव्हते. 1968 पर्यंत, म्हणजे सहासष्ट वर्षे, त्याने तो कारभार पाहिला. शाळा वाढली, नामांकित झाली, पण प्रत्येकाला कोणत्या ना कोणत्या संघात जागा हवी, ही अडचणीतून निघालेली तजवीज धोरण म्हणून टिकून राहिली. आजही मोठ्या शाळांत वार्सिटीच्या, म्हणजे पहिल्या संघाच्या, खाली जेव्ही आणि तिच्या खाली 'थर्ड्स' असे संघ असतात. सरकारी शाळेत, जिथे दोन हजार मुलांमागे मोजकेच संघ, तिथे ऑगस्टअखेरच्या निवडीत वगळलेला मुलगा खांद्यावर पिशवी टाकून घरी जातो आणि त्याचा त्या वर्षीचा शाळेतला फुटबॉल तिथेच आटोपतो. खाजगी शाळेची फी कशासाठी द्यायची, याचे माझ्या मते सर्वांत प्रामाणिक उत्तर या एका फरकात आहे.

हा फरक डोळ्यांनी पाहायचा असेल तर ऑक्टोबरातल्या एखाद्या शनिवारी अशा शाळेत जावे. पुष्कळ निवासी शाळांत शनिवारी सकाळीही वर्ग भरतात. बुधवार आणि शनिवारच्या दुपारी सामन्यांसाठी राखून ठेवलेल्या असतात, जेणेकरून खेळापायी तास बुडू नयेत. जेवणे आटोपली की दर्शनी मैदानाभोवती पालक, पाहुणे, घडीच्या खुर्च्या आणि तिकाटण्यावर चढवलेले कॅमेरे जमतात. महाविद्यालयांचे दोन-तीन प्रशिक्षक टोप्या कपाळावर ओढून, टिपणवही मांडीवर घेऊन बसलेले असतात. तिथून निघून, टेनिसच्या जागा ओलांडून, झाडीच्या कडेला असलेल्या शेवटच्या मैदानापर्यंत चालत जावे. तिथे थर्ड्सचा सामना चालू असतो. प्रेक्षक म्हणाल तर एखादे कुत्रे आणि वसतिगृहातले दोन मित्र. रेषा पुसट झालेल्या, एका गोलाची जाळी दोरीने बांधलेली. आणि कडेला तोंडात शिटी, खांद्यावर पट्ट्या-मलमांची थैली घेतलेला एक गृहस्थ, जो सकाळी याच मुलांपैकी चौघांना लॅटिन व्याकरण शिकवून आलेला असतो. तो डाव्या बगलेवरच्या पोराला ओरडून सांगतो की चेंडू आला म्हणजे आधी मान वर कर. आणि पोरगा पुढच्या खेपेस खरोखर मान वर करतो. हा गृहस्थ कसा आहे, तो तिथे मनापासून आला आहे की करारातले एक कलम उरकतो आहे, यावरून शाळेची परीक्षा करावी.

कारण या शाळांची जुनी घडीच अशा माणसावर उभी आहे. तिथल्या बोलीत त्याला 'ट्रिपल थ्रेट' म्हणतात: एकच व्यक्ती सकाळी वर्गात, दुपारी मैदानावर आणि रात्री वसतिगृहात. या रचनेत शिक्षकाचा जीव दमतो आणि त्याच्या संसाराचे हाल होतात, हे खरे. पण त्यामुळे मुलाला ओळखणारा, तिन्ही अवस्थांत पाहिलेला, एक तरी प्रौढ मनुष्य शाळेत असतो. मंगळवारच्या निबंधात मन का लागले नाही हे त्याला कळते, कारण सोमवारी सरावात याच्याशी कोण भांडले ते त्याने पाहिलेले असते. अलीकडे ही घडी विस्कटते आहे. विजयाची चटक लागलेल्या शाळा वार्सिटीसाठी बाहेरून धंदेवाईक प्रशिक्षक आणतात. त्याचा वर्गाशी संबंध नसतो आणि त्याची नजर पुढच्या वर्षी कोणाला भरती करायचे याच्यावर असते. खेळाची प्रत सुधारते यात संशय नाही. मात्र तिथला मुलगा दोन वेगवेगळ्या सरकारांची रयत होतो, आणि ती सरकारे एकमेकांशी बोलत नाहीत.

अभ्यासाच्या रकान्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथेही दोष तोच आहे. महाविद्यालयांच्या नामावळीत माजी विद्यार्थ्यांची मुले, देणगीदारांची मुले आणि खेळाडू म्हणून घेतलेली मुले सरमिसळ झालेली असतात, तेव्हा तिच्यावरून अध्यापनाचा कस ठरवता येत नाही. त्यापेक्षा वर्गात जाऊन बसावे. स्टँडर्ड ऑइलच्या संपत्तीचा वारस एडवर्ड हार्कनेस याने 1930 साली एक्झिटरला मोठी देणगी दिली, तिच्यातून तिथे लंबगोल मेजाभोवती जेमतेम बारा मुलांनी बसून चर्चेने शिकायची पद्धत आली आणि पुढे इतरत्र पसरली. अशा मेजावर लपायला जागा नसते. रात्री दहाला सामन्याहून परतलेला मुलगा सकाळी पाठ न वाचता आला तर ते पहिल्या पाच मिनिटांत उघड होते. आणि शिक्षक त्या वेळी काय करतो, त्याला सोडून देतो, अपमान करतो की ठाऊक आहे तेवढ्यावरूनच प्रश्न विचारून त्याला चर्चेत ओढतो, हे पाहिले म्हणजे शाळेच्या अभ्यासाविषयी जे जाणायचे ते पुष्कळसे कळते.

आता मुळाशी असलेल्या मोहाकडे येऊ. पुष्कळ घरांत फुटबॉल हा मुलाचा छंद राहिलेला नसतो. तो प्रवेशाची सनद झालेला असतो. याला आधार नाही असे नाही. प्रवेशपद्धतीवरून हार्वर्डविरुद्ध चाललेल्या ज्या खटल्याचा निकाल 2023 साली सर्वोच्च न्यायालयात लागला, त्यात पुढे आलेल्या दप्तराच्या अभ्यासातून दिसले की प्रशिक्षकांनी निवडलेल्या खेळाडूंपैकी शेकडा 86 च्या आसपास अर्जदारांना प्रवेश मिळत होता, आणि तोही सर्वसाधारण अर्जदारांपैकी शंभरात जेमतेम पाच-सहांना मिळत असताना. हा आकडा वाचून ज्याचे डोळे दिपणार नाहीत असा बाप विरळा. 2019 साली उघडकीस आलेल्या प्रवेश-घोटाळ्यात येलच्या महिला फुटबॉल संघाचा प्रशिक्षक लाच घेताना सापडला, यावरूनही त्याच्या शिफारशीची बाजारातली किंमत कळावी. परंतु शेकडा 86 हे प्रमाण आहे निवडलेल्यांचे. निवडले जाण्याची शक्यता किती, हे त्यात सांगितलेले नाही. हार्वर्ड-येल ज्यात मोडतात त्या आयव्ही लीगमधील एकेका संघात दरसाल मोजक्याच जागा मोकळ्या होतात. त्यांवर देशभरच्या क्लबांतली आणि अकादमींतली मुले, शिवाय युरोपातून, आफ्रिकेतून आलेले, वयाने थोराड आणि खेळात पक्व असे तरुण डोळा ठेवून असतात. तिथे क्रीडाशिष्यवृत्तीही नाही. 1954 च्या करारापासून त्या आठ विद्यापीठांनी ती वर्ज्य केली आहे. विल्यम्स, ॲम्हर्स्ट, टफ्ट्स यांसारख्या, महाविद्यालयीन खेळाच्या तिसऱ्या श्रेणीत मोडणाऱ्या महाविद्यालयांतही ती मिळत नाही, जरी तिथला फुटबॉल अव्वल दर्जाचा असला तरी. टफ्ट्सने 2014 ते 2019 या अवधीत चार वेळा त्या श्रेणीचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले.

शिवाय मधल्या काळात खेळाचे केंद्रच शाळेबाहेर गेले आहे. नेवार्कच्या बेनेडिक्टाइन साधूंनी चालवलेल्या सेंट बेनेडिक्ट्स शाळेचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. 1972 साली ही शाळा बंद पडली. दंगलींनी होरपळलेल्या त्या शहरात उरलेल्या साधूंनी ती 1973 साली पुन्हा उघडली आणि रोजच्या कारभाराचा मोठा भाग विद्यार्थ्यांच्याच हाती सोपवला. तिथून टॅब रामोस, क्लॉडिओ रेना आणि ग्रेग बर्‍हॉल्टर हे अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाचे तीन खेळाडू निघाले. रेना तिथून व्हर्जिनिया विद्यापीठात गेला आणि मग युरोपात. त्याचा मुलगा जिओव्हानी मात्र या वाटेने गेला नाही; तो न्यूयॉर्कच्या व्यावसायिक क्लबाच्या अकादमीत घडला आणि 2019 साली, सोळाव्या वर्षी, थेट डॉर्टमुंडला गेला. बापलेकांच्या दोन मार्गांत एका पिढीचे स्थित्यंतर सामावलेले आहे. 2012 पासून अमेरिकेच्या फुटबॉल महासंघाच्या विकास अकादमीने दहा महिन्यांचा हंगाम लावून आपल्या मुलांना शालेय फुटबॉल खेळण्यास मनाई केली. ती अकादमी 2020 साली बरखास्त झाली, पण तिची जागा घेणाऱ्या व्यवस्थेतही सर्वांत कसलेल्या मुलांचा दिवस क्लबाच्याच मालकीचा राहिला. तेव्हा ज्याचा मुलगा खरोखरच असामान्य आहे त्याने प्रेप शाळेची चौकशी करण्याचे फारसे कारण उरलेले नाही. आणि ज्याचा मुलगा चांगला आहे पण असामान्य नाही, त्याने असामान्यांसाठी ठरवलेल्या कसोट्यांनी शाळा निवडणे हा शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

या व्यवहाराचे सर्वांत खटकणारे रूप म्हणजे वर्ष मागे घेण्याची चाल. गावच्या शाळेत नववी पुरी केलेला, उत्तम गुणांनी पुरी केलेला मुलगा खाजगी शाळेत पुन्हा नववीतच बसतो. किंवा बारावी झाल्यावर एक जादा वर्ष, ज्याला तिकडे पीजी म्हणतात, काढतो. कारण काय, तर प्रशिक्षकाच्या डोळ्यांसमोर तो एक वर्षाने मोठा, दोन बोटे उंच आणि अंगाने भरलेला दिसावा. वयाचा फायदा असतो, हे निर्विवाद. कॅनडातल्या आइस हॉकीच्या अभ्यासांतून 1980 च्या दशकातच दिसून आले की वयोगटाच्या कटऑफ तारखेनंतर लगेच जन्मलेली मुले निवडक संघांत प्रमाणाबाहेर भरलेली असतात, आणि फुटबॉलमध्येही हाच अनुभव येतो. म्हणजे इतरांना जन्ममहिन्याने फुकट दिलेली गोष्ट काही आईबाप सत्तर हजार डॉलर मोजून विकत घेतात. पण शेजाऱ्यानेही ती घेतली, आणि त्याच्या शेजाऱ्यानेही, म्हणजे प्रत्येकाचे वर्ष गेले, पैसे गेले, आणि मैदानावरची उतरंड होती तशीच राहिली. क्लबात तर याचा काडीचा उपयोग नाही, कारण तिथे इयत्ता कोण विचारतो, जन्मतारीखच पाहतात. महाविद्यालयीन क्रीडासंघटनेचे नियमही आडवे येतात: पहिल्या श्रेणीत खेळू इच्छिणाऱ्याला सोळा मूलभूत विषयांची पूर्तता नववीपासून मोजलेल्या चार वर्षांत दाखवावी लागते आणि मुदतीनंतर एकाच जादा विषयाची सवलत मिळते, ही गोष्ट प्रवेशाच्या गडबडीत कोणी सांगत नाही आणि मग दोन वर्षांनी धावपळ होते.

या सगळ्याहून मला टोचते ते वेगळेच. ज्या मुलाला बीजगणित येते त्याला ते पुन्हा शिकायला बसवून आपण त्याला काय सांगतो? की विद्या ही तुझ्या शरीराची वाढ होईपर्यंत थांबून राहण्याची धर्मशाळा आहे. जो गृहस्थ नातेवाइकांत मुलाच्या हुशारीचे पाढे वाचतो, तोच हे विनासंकोच करतो, याचे मला नवल वाटते. परक्या देशातून मध्येच आलेला, भाषेत अडखळणारा, किंवा मनाने खरोखर कोवळा असलेला मुलगा एक वर्ष मागे राहिला तर त्यात काही गैर नाही. तिथे कारण मुलाच्या शिक्षणात आहे. कारण मैदानात असेल तर ते मैदानापुरतेच राहावे.

कोल्हापूरकडून आलेल्या पालकांना ही सगळी भानगड जरा चमत्कारिक वाटते, आणि त्यांचे वाटणे मला अर्थपूर्ण वाटते. तिथे फुटबॉल शाळेपेक्षा तालमीचा आणि पेठेचा. पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ यांचा सामना असला की शाहू स्टेडियमवर पाय ठेवायला जागा नसते, आणि त्या खेळाडूंपैकी कोणाच्या बापाने त्यातून महाविद्यालयाचा दाखला मिळेल अशी अपेक्षा धरलेली नसते. त्या व्यवस्थेचेही दोष आहेत, अभ्यासाची आबाळ हा त्यांतला मोठा. पण खेळ खेळासाठी, आपल्या माणसांसमोर, जीव तोडून खेळायचा असतो ही जाण तिथे शाबूत आहे. आणि अमेरिकेतल्या उत्तम प्रेप शाळेचे दुय्यम संघ, मला पुष्कळदा वाटते, तिथल्या वार्सिटीपेक्षा याच जाणिवेच्या अधिक जवळ असतात.

पैशाविषयी एवढेच की छापील फी पाहून दबकू नये आणि भुलूही नये. अँडोव्हरसारख्या ज्या शाळांच्या गंगाजळीत मोठी पुंजी आहे त्यांतल्या काही अर्जदाराची ऐपत न पाहता निवड करतात आणि मग गरजेप्रमाणे साह्य देतात; लहान शाळांत साह्य मर्यादित असते आणि कधीकधी ते चांगल्या गोलरक्षकाकडे वळते.

मग विचारायचे काय? प्रशिक्षकाला विचारावे की गेल्या वर्षी जेव्हीतून वार्सिटीत किती मुले चढली, आणि त्या जागा भरायला बाहेरून किती आणली. ही दोन उत्तरे एकमेकांशेजारी ठेवली म्हणजे शाळा आपल्या मुलांना घडवते की दुसरीकडे घडलेली मुले आणते, ते समजते. नववीत संघात घेतलेला मुलगा अकरावीत मागे पडला तर त्याला काय सांगतात, आणि कोण सांगते? गुडघ्याचा स्नायुबंध फाटलेला मुलगा, ज्याला नऊ महिने मैदान बंद, तो दुपारी कुठे असतो? त्याला संघाबरोबर नेतात की ग्रंथालयात सोडून देतात? बुधवारचा सामना दूरच्या शाळेत असला तर गुरुवारच्या चाचणीचे काय? या प्रश्नांनी गोंधळणारा प्रशिक्षक वाईट असेल असे नाही, पण त्याने या मुलांचा विचार केलेला नाही एवढे ठरते, आणि संख्येने पाहता शाळेत अशीच मुले अधिक असतात.

हे प्रश्न मुलाने स्वतः विचारावेत. बापाने बाजूच्या खोलीत चहा घेत बसावे. चौदा वर्षांच्या मुलाला स्वतःच्या दुसऱ्या संघात पडण्याविषयी बोलणे जड जाते, आणि आपल्या घरांत तर अपयशाचा उच्चारही अपशकुनासारखा मानतात. तरी ज्याला चार वर्षे तिथे उठायचे-झोपायचे आहे त्यानेच ती शक्यता तोंडाने बोलून पाहिली पाहिजे. बहुतेक शाळांचे निकाल 10 मार्चला लागतात आणि होकार 10 एप्रिलपर्यंत कळवायचा असतो. निवड झालेल्या मुलांना त्या महिन्यात शाळा पुन्हा पाहायला बोलावतात, स्वागत जोरदार करतात, भेटवस्तू देतात. पण फुटबॉलचा हंगाम नोव्हेंबरातच संपलेला असतो आणि शेवटच्या मैदानावर तेव्हा लॅक्रॉस चाललेला असतो. म्हणून जायचे ते आधीच्या ऑक्टोबरात, अर्ज भरण्यापूर्वी आणि शक्यतो न कळवता जावे. त्या दिवशी वार्सिटीचा सामना चुकला तरी हरकत नाही. तो नंतर चित्रफितीवर पाहता येतो.